‘ऑनेस्ट’ या शब्दाचे अर्थ, पर्याय आणि उपयोजन : ‘ऑथेल्लो’च्या संदर्भात एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :

मराठी माध्यमातून पदवी वर्गात आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी साहित्य शिकविताना शब्दार्थाचा प्रश्न रोजच उपस्थित होतो. सामान्यतः असे मानले जाते की, ही अडचण कठीण शब्दांमुळे निर्माण होते. प्रत्यक्षात अनुभव वेगळा आहे. कठीण शब्द आला की विद्यार्थी शब्दकोश उघडतो. सोपा शब्द आला की तो उघडत नाही, कारण त्याचा अर्थ त्याने पाचवी-सहावीतच पाठ केलेला असतो. म्हणून अर्थाची खरी फसगत सोप्या शब्दांच्या ठिकाणी होते.

तृतीय वर्षाच्या वर्गात शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ शिकवून झाल्यावर एका विद्यार्थ्याने चाचणीच्या उत्तरात डेस्डिमोनाविषयी पुढील आशयाचे विधान केले होते : “डेस्डिमोना आपण प्रामाणिक असल्याचे सांगते, परंतु रुमाल हरवला असतानाही तो हरवलेला नाही असे ती नवऱ्याला सांगते. म्हणजे ती प्रामाणिक नाही. म्हणून ऑथेल्लोचा संशय काही अंशी खरा आहे.” हे उत्तर प्रथमदर्शनी चुकीचे म्हणून बाजूला ठेवता आले असते. तथापि त्यातील तर्क सदोष नाही. ‘ऑनेस्ट’ म्हणजे ‘प्रामाणिक’ आणि ‘प्रामाणिक’ म्हणजे खोटे न बोलणारा, हे एकदा गृहीत धरले की डेस्डिमोना खरोखरच दोषी ठरते. दोष विद्यार्थ्याच्या तर्कात नसून आपण त्याला दिलेल्या प्रतिशब्दात आहे. सी. एस. लुईस यांनी ‘स्टडीज इन वर्ड्स’ (१९६०) या ग्रंथात शब्दाच्या ‘धोकादायक अर्था’ची संकल्पना मांडली आहे. शब्दाचा जो अर्थ आज सर्वाधिक रूढ असतो, तोच आपण जुन्या संहितेत नकळत वाचतो आणि वाक्याला वरवर अर्थ लागत असल्यामुळे चूक लक्षातही येत नाही. वरील उत्तर हे या संकल्पनेचे बोलके उदाहरण आहे.

प्रस्तुत निबंधात ‘ऑनेस्ट’ या शब्दाचा अर्थविकास, त्याचे इंग्रजी व मराठी पर्याय आणि ‘ऑथेल्लो’मधील त्याचे उपयोजन यांचा विचार केला आहे. या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द देणे का शक्य नाही आणि त्या अशक्यतेतून आपल्या भाषेविषयी काय समजते, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

शब्दाचा अर्थविकास :

‘ऑनेस्ट’ हा शब्द लॅटिन ‘होनेस्टुस’ या शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी ‘होनोस’ अर्थात मान, प्रतिष्ठा हा शब्द आहे. ‘ऑनर’ आणि ‘ऑनेस्ट’ ही एकाच मुळाची दोन अपत्ये आहेत. सिसेरोने इ. स. पू. ४४ मध्ये लिहिलेल्या ‘डी ऑफिसीस’ या ग्रंथात ‘होनेस्टुम’ आणि ‘उटिले’ म्हणजे नैतिकदृष्ट्या गौरवास्पद आणि उपयुक्त, यांचा परस्परसंबंध तपासला आहे. तेथे या शब्दाचा संबंध केवळ खरे बोलण्याशी नाही. समाजाच्या आदरास जे पात्र आहे, ते ‘होनेस्टुम’.

इंग्रजीत हा शब्द स्थिरावला तेव्हा त्याचा अर्थ प्रतिष्ठित, सन्माननीय, सभ्य असाच होता. पुढे त्याला दोन प्रमुख फाटे फुटले. पुरुषाच्या बाबतीत त्याचा अर्थ न फसविणारा, दिलेला शब्द पाळणारा, धन्याशी वा मित्राशी एकनिष्ठ असणारा असा झाला. स्त्रीच्या बाबतीत मात्र तो प्रामुख्याने शीलवती, लैंगिकदृष्ट्या निष्कलंक या अर्थाने वापरला जाऊ लागला. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या सुप्रसिद्ध शब्दकोशातही ‘शीलसंपन्न’ हा या शब्दाचा स्वतंत्र अर्थ म्हणून नोंदविलेला आढळतो. आज इंग्रजीत हा दुसरा अर्थ जवळजवळ लोप पावला आहे. एखाद्या स्त्रीशी विवाह करून तिला ‘ऑनेस्ट’ करणे, या आता थट्टेने वापरल्या जाणाऱ्या वाक्प्रचारात तेवढा तो शिल्लक आहे.

या अर्थविकासात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. मूळ शब्द ‘समाजाने मान द्यावा असा’ या अर्थाचा आहे. पुरुषाला समाज मान देतो तो त्याच्या शब्दाबद्दल आणि व्यवहाराबद्दल. स्त्रीला देतो तो तिच्या देहाच्या पावित्र्याबद्दल. शब्द एकच राहिला, परंतु मान देण्याचे निकष दोन होते. म्हणून अर्थही दोन झाले.

इंग्रजी पर्याय :

‘ऑनेस्ट’चे पर्याय म्हणून सिन्सिअर, फ्रँक, कँडिड, ट्रुथफुल, अपराइट हे शब्द सामान्यतः दिले जातात. यांपैकी कोणताही शब्द त्याची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. ‘ट्रुथफुल’चा संबंध विधानाशी आहे, ‘सिन्सिअर’चा भावनेशी. ‘फ्रँक’ हा शब्द फ्रँक या लोकसमूहाच्या नावावरून आला व प्रथम ‘स्वतंत्र’ आणि नंतर ‘मोकळेपणाने बोलणारा’ या अर्थाने रूढ झाला. ‘कँडिड’ मुळात ‘शुभ्र’ होय. अठराव्या शतकात तो दुसऱ्याविषयी उदार मत बाळगणाऱ्या व्यक्तीसाठी वापरला जाई; आज तो स्पष्टवक्त्यासाठी वापरला जातो. ‘अपराइट’मध्ये ताठ कण्याची प्रतिमा आहे. फसवणूक न करणारा दुकानदार ‘ऑनेस्ट’ असतो; त्याला ‘फ्रँक’ वा ‘कँडिड’ म्हणून भागत नाही. याउलट हातून नकळत झालेली चूकही इंग्रजीत ‘ऑनेस्ट’ असू शकते. तेथे अर्थ ‘हेतुपुरस्सर नसलेली’ एवढाच आहे. आज महाविद्यालयीन तरुण मराठी बोलताना ‘टू बी ऑनेस्ट’ असे म्हणतात, त्या ठिकाणी तर हा शब्द ‘खरं सांगायचं तर’ इतक्या क्षीण अर्थापर्यंत आलेला आहे.

मराठी पर्याय :

मराठीतील पर्यायांचा विचार करता आपली भाषा या बाबतीत दरिद्री नसून उलट अधिक काटेकोर असल्याचे दिसून येते. ‘प्रामाणिक’ हा शब्द ‘प्रमाण’पासून बनला आहे. संस्कृतात त्याचा अर्थ प्रमाणावर आधारलेला, विश्वसनीय असा आहे. हिंदीने तो अर्थ कायम ठेवला. हिंदीत ‘प्रामाणिक ग्रंथ’ म्हणजे अधिकृत, विश्वासार्ह ग्रंथ, आणि ‘ऑनेस्ट’ माणसासाठी ‘ईमानदार’ हा वेगळा शब्द आहे. मराठीने मात्र ‘प्रामाणिक’ हा शब्द माणसाच्या स्वभावाला लावला आणि ग्रंथासाठी ‘प्रमाणभूत’ ठेवला. एकच तत्सम शब्द दोन भगिनीभाषांत कसा भिन्न होतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

‘इमान’ हा अरबी मुळाचा शब्द आहे. मूळ अर्थ श्रद्धा. मराठीत तो धन्याशी असलेल्या निष्ठेसाठी स्थिरावला. खाल्ल्या मिठाला जागणारा तो इमानी. ‘सचोटी’ हा बाजारपेठेतला शब्द आहे. जो काटा मारत नाही त्याचा व्यवहार सचोटीचा. ‘प्रांजळ’ हा शब्द कबुलीशी निगडित आहे. ‘नेक’, ‘सच्चा’, ‘सरळमार्गी’, ‘निष्कपट’ यांच्या छटा वेगवेगळ्या आहेत. आणि ‘भला’ हा शब्द तर विशेष विचारात घ्यावा असा आहे. “भला माणूस आहे बिचारा,” असे आपण म्हणतो तेव्हा त्यात स्तुती असते आणि थोडा कमीपणाही असतो. अशा माणसावर विश्वास टाकता येतो, पण त्याला मोठ्या जागेवर बसविण्याचा विचार मनात येत नाही.

स्त्रीच्या बाबतीत ‘ऑनेस्ट’साठी मराठीत पूर्णतः वेगळी शब्दमालिका आहे : पतिव्रता, साध्वी, शीलवती, चारित्र्यसंपन्न. या मालिकेचा वरील मालिकेशी शब्दरूपाने कोणताही संबंध नाही. इंग्रजीने जे एका शब्दात कोंबले, ते मराठीने दोन स्वतंत्र कप्प्यांत ठेवले.

‘ऑथेल्लो’मधील उपयोजन :

‘ऑथेल्लो’ या नाटकाचा पहिला ज्ञात प्रयोग १६०४ मध्ये झाला. विल्यम एम्पसन यांनी ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स’ (१९५१) या ग्रंथात या नाटकातील ‘ऑनेस्ट’ आणि ‘ऑनेस्टी’ या शब्दांचा स्वतंत्र प्रकरणात अभ्यास केला असून हे शब्द नाटकात बावन्न वेळा आल्याचे नमूद केले आहे. इयागोला हे विशेषण लावताना इतर पात्रांच्या बोलण्यात जो वरच्या पायरीवरून केलेल्या कौतुकाचा सूर येतो, त्याकडे एम्पसन यांनी लक्ष वेधले आहे. मराठीत हा सूर ‘प्रामाणिक’पेक्षा ‘भला’ या शब्दाच्या अधिक जवळ जातो. ज्याला बढती नाकारली गेली, त्याच माणसाला सर्वजण ‘ऑनेस्ट’ म्हणत राहतात, ही बाब येथे ध्यानात घ्यावी लागते.

नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात इयागो स्वतः हा शब्द तुच्छतेने वापरतो. धन्याची आयुष्यभर चाकरी करून म्हातारपणी हाकलले जाणारे सेवक त्याच्या दृष्टीने ‘ऑनेस्ट’ आणि म्हणूनच मूर्ख आहेत. येथे शब्दाचा अर्थ ‘इमानी’ असा आहे. त्यानंतर ऑथेल्लो त्याला याच विशेषणाने संबोधून आपल्या पत्नीला त्याच्या स्वाधीन करतो. तेथे अर्थ ‘विश्वासू’. कॅसिओला तो ‘ऑनेस्ट’ वाटतो तेव्हा अर्थ ‘मनाचा चांगला’. डेस्डिमोनाही त्याला सहजपणे तसेच म्हणते. याप्रमाणे पहिल्या दोन अंकांत हा शब्द पुरुषांच्या जगात, छटा बदलत, फिरत राहतो.

तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात शब्दाची दिशा बदलते. ऑथेल्लो कॅसिओबद्दल विचारतो की, तो ‘ऑनेस्ट’ नाही काय? इयागो उत्तर न देता तोच शब्द प्रश्नार्थक सुरात परत करतो. कोणताही आरोप न करता केवळ शब्दाच्या पुनरुच्चाराने संशय निर्माण होतो. त्याच प्रवेशात पुढे ऑथेल्लो डेस्डिमोनासाठी हे विशेषण वापरतो आणि तेथे त्याचा अर्थ ‘शीलवती’ असा होतो. म्हणजे एकाच प्रवेशात हा शब्द कॅसिओकडून इयागोकडे आणि इयागोकडून डेस्डिमोनाकडे सरकतो. या सरकण्यातच शोकात्मिकेचे बीज आहे. इयागो ‘ऑनेस्ट’ असेल तर डेस्डिमोना ‘ऑनेस्ट’ नाही. ती ‘ऑनेस्ट’ असेल तर तो नाही. एकच विशेषण तराजूच्या दोन पारड्यांत ठेवले जाते. पुरुषाचे पारडे बराकीतल्या सहवासाने, मित्रांच्या तोंडी सतत आलेल्या स्तुतीने आधीच जड झालेले आहे. स्त्रीच्या पारड्यात तिच्या स्वतःच्या शब्दाशिवाय काहीही नाही. आणि तिचा शब्द हा तर तिच्या ‘ऑनेस्टी’चा निकषच नाही.

येथेच आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. डेस्डिमोना रुमालाविषयी खोटे बोलते हे सत्य आहे. मरताना, आपल्या मृत्यूस कोणी जबाबदार नाही, आपण स्वतःच आहोत असे सांगून ती दुसऱ्यांदा खोटे बोलते. तरीही नाटकाच्या भाषेत ती संपूर्णपणे ‘ऑनेस्ट’ आहे. भीतीपोटी एकदा आणि प्रेमापोटी एकदा खोटे बोलणारी ही स्त्री एकनिष्ठ आहे. तिच्या शेवटच्या असत्यावरून ती खोटारडी असल्याचा निष्कर्ष ऑथेल्लोही काढतो. तो आणि आपला विद्यार्थी एकाच ठिकाणी अडखळतात, हा योगायोग नव्हे.

चौथ्या अंकात एमिलिया आपल्या मालकिणीच्या शीलाविषयी आत्म्याची पैज लावण्यास तयार होते. तिच्या साक्षीची किंमत शून्य ठरते. पाचव्या अंकात बियांका ही समाजाने वेश्या ठरविलेली स्त्री, आपणही एमिलियाइतक्याच ‘ऑनेस्ट’ आहोत असे ठामपणे सांगते. तिच्यावरील आरोपही इयागोच करीत असतो. नाटकातील तिन्ही स्त्रियांना या एका शब्दासाठी झगडावे लागते. इयागोला तो न मागता मिळतो. शेवटी ऑथेल्लो ‘ऑनर’ आणि ‘ऑनेस्टी’ हे दोन्ही सहोदर शब्द एकत्र आणून, दुसरी गेल्यावर पहिल्याने तरी का उरावे, असा प्रश्न करतो. तोपर्यंत सर्व संपलेले असते.

मराठी भाषांतरातील प्रश्न :

‘ऑथेल्लो’चे मराठीशी असलेले नाते जुने आहे. महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकर यांचे भाषांतर १८६७ मध्ये प्रसिद्ध झाले. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘झुंजारराव’ १८९० चे, तर वि. वा. शिरवाडकर यांचे ‘ऑथेल्लो’ १९६१ चे. या भाषांतरांचे तौलनिक मूल्यमापन हा प्रस्तुत निबंधाचा विषय नाही. परंतु कोणत्याही मराठी भाषांतरकारापुढे एक पेच अटळपणे उभा राहतो. इयागोसाठी ‘प्रामाणिक’ आणि डेस्डिमोनासाठी ‘पतिव्रता’ असे दोन शब्द योजले, तर प्रत्येक वाक्याचा अर्थ स्पष्ट होतो. मात्र तराजू मोडतो. दोन्हीकडे ‘प्रामाणिक’ ठेवला, तर तराजू राहतो. मात्र डेस्डिमोनावरील आरोपाचे स्वरूपच हरवते.

असे असले तरी मराठीची येथे केवळ हानीच होते असे म्हणता येणार नाही. ‘प्रामाणिक’ या शब्दाच्या पोटात ‘प्रमाण’ आहे. संशयाने ग्रासलेला ऑथेल्लो इयागोकडे डोळ्यांनी पाहता येईल असा पुरावा, म्हणजेच प्रत्यक्ष प्रमाण मागतो. इयागोजवळ असे प्रमाण नसते. तो स्वप्नात बरळलेल्या शब्दांची हकिकत सांगतो आणि एक रुमाल पुढे करतो. ऑथेल्लो ते स्वीकारतो, कारण सांगणारा प्रामाणिक आहे! ज्याच्या नावामागे ‘प्रमाण’ जोडले गेले आहे, त्याच्याजवळच प्रमाण नाही, हा विरोधाभास इंग्रजी शब्दात नाही. तो मराठी शब्दामुळे उजेडात येतो. परभाषेतील कलाकृती आपल्या भाषेतून वाचताना काही गमावले जाते, तसे काही नव्याने गवसतेही. वर्गात हा मुद्दा मांडल्यास विद्यार्थ्यांना तो सहज पटतो असा अनुभव आहे.

‘चारित्र्य’ : ‘ऑनेस्ट’चा खरा मराठी समांतर शब्द

मराठीने दोन अर्थ दोन कप्प्यांत ठेवले, असे वर म्हटले. त्यावरून मराठी समाज या दुहेरी मापापासून मुक्त आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. मराठीतही असा शब्द आहे, जो व्यक्तीच्या लिंगानुसार अर्थ बदलतो. तो शब्द ‘चारित्र्य’ होय. ‘चारित्र्यवान पुढारी’ म्हटले की पैसा न खाणारा, दिलेल्या शब्दाला जागणारा पुरुष डोळ्यांपुढे येतो. ‘स्त्रीचे चारित्र्य’ म्हटले की तिच्या पैशाच्या व्यवहाराचा वा सत्यवचनाचा विचार कोणाच्याही मनात येत नाही. ‘शील’ या शब्दाचीही हीच गत आहे. पंचशीलातील शील सर्व मानवांसाठी आहे, त्यात खोटे न बोलणे आणि चोरी न करणे यांचाही समावेश होतो; परंतु ‘शीलभंग’ होतो तो केवळ स्त्रीचा. ‘विनय’ विद्यार्थ्याच्या ठिकाणी नम्रता असतो. ‘विनयभंग’ या शब्दात तो स्त्रीची लज्जा होतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३५४ च्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७४ लागू झाले. शब्दामागील कल्पना मात्र तीच राहिली.

आपल्या वृत्तपत्रांत ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ या स्वरूपाचा मथळा वाचकांच्या इतका परिचयाचा झालेला आहे की, त्यातील ‘चारित्र्य’ या शब्दावर कोणी थांबत नाही. या मथळ्यात ‘ऑथेल्लो’चे संपूर्ण कथानक सामावलेले आहे. तेथेही संशय कोणाचा, पुरावा काय आणि ज्याने सांगितले त्याचे चारित्र्य कोणी तपासले, हे प्रश्न मथळ्याबाहेर राहतात. पुरुषाच्या चारित्र्याच्या संशयावरून असे शब्द त्याच सहजतेने छापलेले आढळत नाहीत.

म्हणूनच ‘ऑनेस्ट’चा अर्थ विद्यार्थ्याला समजावून देण्यासाठी ‘प्रामाणिक’पेक्षा ‘चारित्र्य’ हा शब्द अधिक उपयुक्त आहे, असे प्रस्तुत निबंधलेखकाचे मत आहे. भाषांतरात तो बसेल असे नाही. परंतु एकाच शब्दाने पुरुषाला एका मापाने आणि स्त्रीला दुसऱ्या मापाने कसे मोजले जाते, हे त्याला स्वभाषेतील अनुभवातून लगेच उमगते. त्यानंतर शेक्सपिअरचे नाटक चारशे वर्षांपूर्वीचे आणि परक्या देशातले राहत नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. ‘ऑनेस्ट’ हा मुळात समाजमान्यतेचा शब्द आहे. सत्यवचन हा त्याचा पुढे प्रबळ झालेला एक अर्थ आहे. ‘ऑथेल्लो’मध्ये शेक्सपिअरने या शब्दाच्या अनेकार्थतेचा केवळ अलंकार म्हणून उपयोग केलेला नाही; नाटकाची कृतीच तिच्यावर उभारलेली आहे. मराठीत त्याला एकच प्रतिशब्द देणे हे अर्थाच्या दृष्टीने अपुरे आणि अध्यापनाच्या दृष्टीने घातक आहे. शब्दांच्या यादीपुढे एकेक प्रतिशब्द लिहून देण्याची आपली सवय, विशेषतः परीक्षेच्या तोंडावर, आपण सर्वांनीच तपासून पाहिली पाहिजे.

दरवर्षी निकालानंतर आपल्या महाविद्यालयांतून विद्यार्थी आणि विद्यार्थिनी यांना एकाच नमुन्यातील चारित्र्याचे प्रमाणपत्र दिले जाते. त्यावरील मजकूर दोघांसाठी सारखाच असतो आणि आपण त्यावर एकाच शाईने सही करतो. त्या कागदावर ‘चारित्र्य’ या शब्दाचा अर्थ दोघांसाठी एक आहे. वर्गाबाहेर तो एक राहत नाही, हे आपल्याला ठाऊक असते. ज्या विद्यार्थ्याने डेस्डिमोनाला दोषी ठरविले, त्याला शब्दाचे दोन्ही अर्थ फळ्यावर लिहून दाखविल्यावर त्याने विचारले, “मग दोघांना एकच शब्द का वापरला?” साहित्याच्या वर्गातून विद्यार्थ्याने हा प्रश्न घेऊन बाहेर पडावे, एवढे झाले तरी एका सोप्या शब्दावर खर्च केलेले दोन तास वाया गेले असे म्हणता येणार नाही.